वाचकांचे प्रश्न : स्पॅमची खूण कोण लावतो आणि कुठे?

या अंकासाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेली बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. ऑफिसचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, त्यावर स्पॅम फिल्टर बसवला आहे, पण नको असलेल्या मेलवर तो हवी तशी खूण लावत नाही. काहींकडे खूणच दिसत नाही, काहींकडे चांगल्या मेलवर लागते, तर काहींकडे मेलच नाहीसा होतो. त्यांतली निवडक पत्रे घेऊन सविस्तर उत्तरे देत आहोत. वारंवार येणारी नावे आधी सांगतो : डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणाली आहेत. पोस्टफिक्स मेलची ने-आण करतो, डवकॉट तो पेटीत ठेवून वाचायला देतो, स्पॅमअसॅसिन मेल किती स्पॅमसारखा आहे त्याचे गुण देतो, आणि अमाविस पोस्टफिक्सला स्पॅमअसॅसिनशी जोडतो. हेडर म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या, एरवी बहुतेक न दिसणाऱ्या माहितीच्या ओळी. फाइलींची आणि सेटिंगची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि अंडरस्कोरसह जशीच्या तशी लिहावी लागतात.

प्रश्न : आमचे केळी निर्यातीचे ऑफिस आहे. सर्व्हरवर डेबियन, पोस्टफिक्स, अमाविस आणि स्पॅमअसॅसिन आहे. स्पॅम मेलच्या विषयाआधी [स्पॅम] असे लागावे म्हणून स्पॅमअसॅसिनच्या ‘लोकल.सीएफ’ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘रीराइट_हेडर’ची ओळ टाकली, मर्यादा 5 वरून 4 केली, सगळे रीस्टार्ट केले. एकाही मेलवर खूण आली नाही. उलट आखाती देशांतल्या दोन ग्राहकांचे मेल आम्हाला मिळालेच नाहीत, आणि त्यांच्याकडेही मेल परत गेला नाही. हे दोन वेगळे बिघाड आहेत का?
(ऑफिस व्यवस्थापक, सावदा, ता. रावेर)

उत्तर : दोन्हींचे मूळ अमाविसच्या सेटिंगमध्ये आहे. अमाविस स्पॅमअसॅसिनकडून फक्त गुण घेतो. मेलवर हेडर चढवणे, विषय बदलणे, मेल अडवणे ही कामे तो स्वतःच्या हिशोबाने करतो. त्यामुळे ‘लोकल.सीएफ’मधल्या ‘रिक्वायर्ड_स्कोअर’, ‘रीराइट_हेडर’, ‘रिपोर्ट_सेफ’ आणि ‘ॲड_हेडर’ या ओळी तुमच्या मांडणीत वाचल्या जातात, पण त्यांचा काही परिणाम होत नाही. नियमांचे गुण, विश्वासू नेटवर्कची यादी, बेजचे (शिकवलेल्या मेलांवरून स्पॅम ओळखण्याच्या पद्धतीचे) सेटिंग हे मात्र त्याच फाइलमधून लागू होते. म्हणून ती फाइल निरुपयोगी समजून पुसू नका.

अमाविसकडे तीन पातळ्या असतात. पहिली ‘टॅग’: तिच्यावर गुण गेले की मेलमध्ये गुणांची माहिती देणारे हेडर येतात. दुसरी ‘टॅग2’: तिच्यावर ‘एक्स-स्पॅम-फ्लॅग: येस’ लागते आणि विषयात खूण चढते. तिसरी ‘किल’: तिच्यावर मेल अडवला जातो. डेबियनच्या पॅकेजमध्ये पहिली 2.0 आहे, आणि दुसरी व तिसरी दोन्ही 6.31 आहेत. तुमची अडचण इथेच आहे. ज्या गुणाला खूण लागायची, त्याच गुणाला मेल अडवलाही जातो, म्हणजे खूण लागलेला मेल कुणाच्या डोळ्यांसमोर येण्याची शक्यताच उरत नाही.

बदल अमाविसच्या ‘कॉन्फ.डी’ फोल्डरमधल्या ‘50-युजर’ या फाइलमध्ये करा. फोल्डरमधल्या फाइली क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटी वाचलेली किंमत टिकते, म्हणून ‘20-डेबियन_डिफॉल्ट्स’ला हात लावू नका. टॅग पातळी उणे 999 ठेवा, म्हणजे प्रत्येक मेलवर गुण दिसतील. टॅग2 साठी 6 ठेवा. किल पातळी सुरुवातीचा महिनाभर 15 ठेवा. ही फाइल पर्ल भाषेची आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो, मजकूर एकेरी अवतरणात ठेवायचा (दुहेरीत ॲटच्या चिन्हाचा अर्थ बदलतो), आणि फाइलच्या तळाची ‘1;’ ही ओळ जागच्या जागी राहिली पाहिजे. ती चुकून पुसली की अमाविस सुरूच होत नाही आणि मेल पोस्टफिक्सच्या रांगेत साचतात.

हेही तपासा : ‘15-कंटेंट_फिल्टर_मोड’ या फाइलमध्ये स्पॅम तपासणी चालू करणाऱ्या ओळी सुरुवातीला टिप्पणी म्हणून बंद असतात. तुमच्याकडे मेल अडवले जात असतील तर त्या कुणीतरी उघडलेल्या असणार, पण नव्याने सर्व्हर उभा करणाऱ्यांचा पहिला अडथळा हाच असतो.

आता स्थानिक डोमेनविषयी. अमाविस खूण लावतो ती फक्त स्वतःच्या डोमेनवर येणाऱ्या मेलला. डेबियनमध्ये तो आपले डोमेन ‘मेलनेम’ या फाइलच्या पहिल्या ओळीवरून ठरवतो. सर्व्हर बसवताना तिथे पुष्कळदा यंत्राचे पूर्ण नाव लिहिले जाते, म्हणजे डोमेनच्या आधी ‘मेल.’ असे काहीतरी. मग अमाविसच्या लेखी तुमचे डोमेन ते पूर्ण नाव ठरते, आणि ऑफिसच्या खऱ्या पत्त्यावर आलेला मेल त्याला परका वाटतो. पातळ्या कितीही नीट लावल्या तरी मग एकही हेडर येत नाही. ‘50-युजर’मध्ये ‘लोकल_डोमेन्स_एसीएल’ या यादीत तुमची सगळी डोमेन स्पष्ट लिहा, प्रत्येकाच्या आधी टिंब देऊन. टिंबामुळे उपडोमेनही धरली जातात.

हरवलेल्या दोन मेलांचा माग लागू शकतो. मेल लॉगमध्ये ‘ब्लॉक्ड स्पॅम’ हे शब्द आणि ग्राहकाचा पत्ता शोधा. त्याच ओळीत मिळालेले गुण असतात, आणि मेल बाजूला ठेवला असेल तर ‘क्वारंटाइन’च्या पुढे फाइलचे नावही असते. डेबियनमध्ये त्या फाइली अमाविसच्या ‘व्हायरसमेल्स’ फोल्डरमध्ये मिळतात, आणि ‘अमाविसडी-रिलीज’ या आदेशाला ते नाव दिले की मेल मूळ पत्त्यावर रवाना होतो. ग्राहकाला परतीचा संदेश न जाण्याचे कारण ‘फायनल_स्पॅम_डेस्टिनी’ या सेटिंगमध्ये सापडेल. तिथे ‘डी_डिस्कार्ड’ असेल तर कुणालाच काही कळत नाही. ‘डी_बाउन्स’ असले तरी गुण 10 च्या वर गेल्यावर परतीचा संदेश दाबण्याची वेगळी मर्यादा आहे. तरीही ‘डी_बाउन्स’ वापरू नका. स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, त्यामुळे परतीचे संदेश भलत्याच निरपराध माणसांकडे जातात आणि त्यापायी तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत पडतो. महिनाभर ‘डी_पास’ ठेवा, म्हणजे सगळे मेल खूण लागून पोहोचतील. मग खऱ्या ग्राहकांचे मेल किती गुणांपर्यंत जातात ते बघून किल पातळी ठरवा आणि ‘डी_डिस्कार्ड’सोबत क्वारंटाइन चालू ठेवा. कंटेनर बंदराकडे निघाला असताना ग्राहकाची एक सूचना न मिळणे किती महागात पडते ते तुम्हाला सांगायला नको.

चाचणीसाठी बरेच जण स्पॅमअसॅसिनसोबत येणारा नमुना मेल वापरतात. त्यातल्या ठरलेल्या ओळीला 1000 गुण मिळतात, म्हणजे तो थेट किल पातळी ओलांडतो आणि मधली टॅग2 तपासली जात नाही. त्याऐवजी ‘लोकल.सीएफ’मध्ये एक तात्पुरता ‘बॉडी’ नियम लिहा. एरवी कुठल्याही मेलात येणार नाही असा निरर्थक शब्द धरा आणि त्याला 8 गुण द्या. ‘स्पॅमअसॅसिन’ आदेश ‘लिंट’ पर्यायासह चालवा. काही न बोलता तो संपला तर फाइल बरोबर आहे. मग अमाविस रीस्टार्ट करून बाहेरच्या खात्यावरून तो शब्द असलेला मेल पाठवा. सर्व्हरवरूनच पाठवलेल्या मेलला बहुतेक मांडण्यांत वेगळी वागणूक असते, त्यावरून काही सिद्ध होत नाही. चाचणी झाली की नियम काढून टाका.

प्रश्न : पतसंस्थेत चौदा संगणक आहेत. निम्मे लोक आउटलुकवर पीओपी3 ने मेल घेतात, बाकीचे मोबाइलवर आयमॅपने. स्पॅमची खूण विषयात असावी की हेडरमध्ये? मराठीत ‘नकोसा’ असा शब्द लावता येईल का? आणि ‘जंक’ फोल्डरमध्ये टाकलेले मेल पीओपी3 वाल्यांना दिसत नाहीत, हे खरे का?
(संगणक विभाग, अमळनेर)

उत्तर : शेवटचे आधी. हो, खरे आहे. पीओपी3 ला फोल्डर कळतच नाहीत, तो फक्त इनबॉक्स उतरवून घेतो. सर्व्हरवर मेल ‘जंक’मध्ये हलवला की आउटलुकवाल्यासाठी तो मेल जणू आलाच नाही. एखाद्या सभासदाच्या मेलला चुकून खूण लागली तर तो तिथेच पडून राहील. तेव्हा पीओपी3 वाल्यांसाठी फोल्डरचा नियम लावू नका. त्यांना विषयातली खूण द्या आणि आउटलुकच्याच नियमाने तो मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. जमेल तेव्हा या संगणकांना आयमॅपवर आणा (त्यात सर्व्हरवरचे फोल्डर दिसतात), कारण दोन पद्धती सांभाळताना कुठेतरी चूक होतेच.

हेडर मात्र सगळ्यांनाच हवे. विषयातली खूण माणसाला दिसते, पण उत्तर देताना ती चिकटून राहते. चुकून खूण लागलेल्या सभासदाला तुम्ही उत्तर दिले की त्याच्याकडे ‘आरई: [स्पॅम] कर्जखात्याचा उतारा’ असा विषय पोहोचतो. हेडरचा असा त्रास नाही.

मराठी शब्द सेटिंगमध्ये टाकू नका. मेलच्या विषयात रोमनखेरीज अक्षरे असली की ती सांकेतिक रूपात बांधून पाठवावी लागतात. फाइलमध्ये लिहिलेली देवनागरी तशीच हेडरमध्ये उतरली तर काही मोबाइलवर चौकोन आणि प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि आउटलुकचा नियमही ती ओळखत नाही. रोमन अक्षरांत चौकटी कंसातला एक छोटा शब्द पुरे. हॅशचे चिन्ह खुणेत वापरू नका. स्पॅमअसॅसिनच्या फाइलमध्ये त्यानंतरचा मजकूर टिप्पणी समजला जातो. वापरायचेच असेल तर आधी बॅकस्लॅश द्या.

आयमॅपवाल्यांसाठी डवकॉटच्या सीव्हचा (मेल फोल्डरांत वाटणाऱ्या नियमांच्या भाषेतला) नियम लिहा : ‘एक्स-स्पॅम-फ्लॅग’मध्ये ‘येस’ असेल तर ‘फाइलइंटो’ने ‘जंक’मध्ये टाका आणि लगेच ‘स्टॉप’ लिहा. सगळ्यांना लागू होण्यासाठी ती फाइल ‘सीव्ह_बिफोर’मध्ये नोंदवा आणि ‘सीव्हसी’ आदेशाने एकदा संकलित करा. सर्व्हरच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी डवकॉटला नसते, त्यामुळे ते काम तुम्हाला हाताने करावे लागते. एवढे करूनही काहीच हलत नसेल तर पोस्टफिक्स मेल डवकॉटच्या एलएमटीपीकडे (मेल पेटीत टाकणाऱ्या सेवेकडे) देतो की स्वतःच पेटीत टाकतो ते बघा. स्वतः टाकत असेल तर सीव्ह चालतच नाही. एलएमटीपीच्या विभागात ‘सीव्ह’ प्लगइनही नोंदवलेले हवे.

प्रश्न : डाळ मिलच्या ऑफिसात काही ऑर्डरी अशा येतात की मेल उघडल्यावर इंग्रजीत लांबलचक अहवाल दिसतो, आणि खरा मेल खाली अटॅचमेंट म्हणून असतो. मोबाइलवर तो उघडत नाही. स्पॅमअसॅसिन थेट पोस्टफिक्सला जोडलेला आहे.
(लेखा विभाग, जळगाव एमआयडीसी)

उत्तर : ‘रिपोर्ट_सेफ’ची मूळ किंमत 1 असते, त्यामुळे स्पॅम ठरलेला मेल अहवालाच्या आत बांधला जातो. ‘लोकल.सीएफ’मध्ये ती 0 करा. मग मेल जसाच्या तसा राहतो, फक्त हेडर वाढतात. सेवा रीस्टार्ट करायला विसरू नका, ‘स्पॅमडी’ (स्पॅमअसॅसिनची सतत चालणारी सेवा) फाइल एकदाच वाचतो. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरींना खूण का लागते ते ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ हेडरमधल्या ‘टेस्ट्स’च्या यादीत मिळेल. कुठल्या नियमामुळे मेल अडला ते तिथे नावानिशी लिहिलेले असते.

प्रश्न : कॉलेजच्या डोमेनवर प्राध्यापकांचे पत्ते आहेत. बहुतेकांनी आपला मेल जीमेलकडे वळवला आहे. विषयात खूण लावायला सुरुवात केल्यापासून जीमेल काही चांगले मेलही स्पॅममध्ये टाकते, काही थेट नाकारते. त्यांच्या विषयात आमची खूण असतेच.
(ग्रंथालय व संगणक केंद्र, फैजपूर)

उत्तर : तुमच्या खुणेमुळे मेलवरची सही मोडते. पाठवणारा सर्व्हर डीकेआयएम या पद्धतीने मेलच्या काही हेडरवर आणि मजकुरावर सही करतो. ‘फ्रॉम’ त्यात असतेच, आणि ‘सब्जेक्ट’ही जवळपास नेहमी असते. विषयात एक अक्षर वाढले तरी सही जुळत नाही. मेलच्या खाली कॉलेजची सूचना जोडलीत किंवा ‘रिपोर्ट_सेफ’ने मेल आत बांधलात तरी तेच होते.

मेल वळवल्यावर दुसरा आधारही जातो. एसपीएफ ही तपासणी बघते की मेल पाठवणाऱ्या डोमेनच्या मान्य सर्व्हरकडून आला का. जीमेलला तो तुमच्या सर्व्हरकडून आलेला दिसतो, म्हणजे एसपीएफ फसतो. एसआरएस या पद्धतीने लिफाफ्यावरचा (सर्व्हर आपसांत वापरतात तो) पत्ता बदलला तर एसपीएफ पास होतो खरा, पण तुमच्या डोमेनच्या नावाने. ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी तो जुळत नाही, आणि डीमार्क या तपासणीला नेमके तेच जुळायला हवे असते. थोडक्यात, वळवलेल्या मेलचा सगळा भार डीकेआयएमच्या सहीवर असतो, आणि विषय बदलला की तीही जाते. ज्या बँकेने किंवा संस्थेने डीमार्क ‘रिजेक्ट’वर ठेवले आहे, तिचा खराखुरा मेलही मग जीमेल नाकारते. 2024 च्या फेब्रुवारीपासून गुगलने पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले, तेव्हापासून याचा चटका जास्त बसतो.

उपाय असा. विषय बदलणे पूर्ण बंद करा. अमाविस असेल तर ‘एसए_स्पॅम_मॉडिफाइज_सब्ज’ची किंमत 0 करा. नवा ‘एक्स-स्पॅम’ हेडर जोडल्याने सही मोडत नाही, कारण तो सही केलेल्या यादीत नसतो. मग सीव्हमध्ये क्रम लावा : आधी स्पॅमचा नियम, ‘जंक’ आणि ‘स्टॉप’, त्याच्या खाली जीमेलकडे वळवण्याचा ‘रीडायरेक्ट’. हा क्रम उलटा झाला तर खूण लागलेला स्पॅमही जीमेलकडे जातो, आणि तो पाठवणारा सर्व्हर म्हणून कॉलेजच्याच आयपीची पत घसरते. मग प्राध्यापकांचे साधे मेलही अडकायला लागतात. वळवणे पोस्टफिक्सच्या ‘एलियासेस’मधून होत असेल तर ते स्पॅम तपासत नाही. तो भाग सीव्हकडे आणल्याशिवाय हे जमणार नाही. प्राध्यापकांना एवढे मात्र सांगून ठेवा की ‘जंक’मधले मेल कॉलेजच्या वेबमेलमध्येच पडून राहतील. आठवड्यातून एकदा तिथे नजर टाकायला हवी.

प्रश्न : आमच्या ग्राहकांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. सगळीकडे स्पॅमला 2-3 गुणच मिळतात, खूण लागत नाही. हेडरमध्ये ‘यूआरआयबीएल_ब्लॉक्ड’ असे दिसते. म्हणजे लिंक अडवली असे ना?
(संगणक सेवा व्यावसायिक, धुळे)

उत्तर : नाही, अडवले आहे ते तुम्हाला. स्पॅमअसॅसिन मेलमधल्या लिंक आणि पाठवणाऱ्याचे आयपी काळ्या याद्यांशी ताडून बघतो, आणि ही विचारणा डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून) होते. सर्व्हरवर 8.8.8.8 सारखा सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरे आणून देणारा सर्व्हर) लावला असेल तर जगभरातल्या लाखो सर्व्हरची विचारणा त्या एकाच पत्त्यावरून जाते, आणि याद्या चालवणारे तिला उत्तर देणे बंद करतात. ‘यूआरआयबीएल_ब्लॉक्ड’ला 0.001 गुण आहेत, ती नुसती सूचना आहे. खरे नुकसान म्हणजे काळ्या याद्यांकडून मिळणारे गुणच येत नाहीत. स्पॅम 2-3 वर थांबतो तो त्यामुळे.

सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा. ‘फॉरवर्ड-झोन’ लिहू नका, नाहीतर विचारणा पुन्हा त्याच सार्वजनिक पत्त्याकडे जाईल. ‘लोकल.सीएफ’मध्ये ‘डीएनएस_सर्व्हर 127.0.0.1’ लिहा आणि सर्व्हरच्या ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्येही तोच पत्ता द्या. उबंटूवर तिथे 127.0.0.53 दिसेल. तो सिस्टीमडीचा मधला थांबा आहे, पुढे तो बाहेरच्याच रिझॉल्व्हरला विचारतो. पोस्टफिक्स डेबियनवर वेगळ्या कोंडलेल्या फोल्डरमध्ये चालतो आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ची स्वतःची प्रत ठेवतो. त्याला रीस्टार्ट केल्यावरच ती प्रत नवी होते.

खात्रीसाठी ‘डिग’ या आदेशाने स्पॅमहाउस या संस्थेच्या ‘झेन’ या काळ्या यादीत 2.0.0.127 हा चाचणीचा पत्ता विचारा. उत्तर 127.0.0 ने सुरू झाले की ठीक. 127.255.255.254 आले तर विचारणा अजूनही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून जाते आहे. 127.255.255.255 म्हणजे विचारणा फार झाली, आणि शेवटी 252 आले तर यादीचे नाव लिहिताना चूक झाली आहे.

तुमच्यासारख्या अनेक सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी इथे फार जपायला हवे. पोस्टफिक्समध्ये ‘रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट’ने ही यादी थेट लावली असेल, तर तो कुठलेही उत्तर आले की पत्ता काळ्या यादीत आहे असे धरतो. 127.255.255.254 हेही त्याच्या दृष्टीने उत्तरच! मग एका क्षणी ग्राहकाचा सगळाच्या सगळा मेल नाकारला जायला लागतो. यादीच्या नावापुढे ‘=127.0.0.[2..11]’ जोडा, म्हणजे खऱ्या नोंदीलाच नकार जाईल.

प्रश्न : मिरचीच्या व्यापारासाठी मेल वापरतो. स्पॅम फार येतो म्हणून मर्यादा 5 वरून 3 करावी का? आमचे बरेच मेल मराठीत, काही रोमन अक्षरांतल्या मराठीत असतात. ‘सा-लर्न’ने फिल्टरला स्पॅम कुठला ते शिकवले, पण फरक पडला नाही.
(व्यापारी, नंदुरबार)

उत्तर : मर्यादा कमी करू नका. स्पॅमअसॅसिनच्या नियमांचे गुण 5.0 ही मर्यादा धरूनच बेतलेले आहेत. 3 ठेवली तर एकच चुकलेला नियमही मेल अडवायला पुरतो. 2010 साली हे जगभर दिसले. तारीख फार पुढची असलेल्या मेलला पकडणारा एक नियम होता, आणि ‘फार पुढची’ म्हणजे 2010 ते 2099 असे त्यात लिहिलेले होते. 1 जानेवारी 2010 उजाडला आणि प्रत्येक साध्या मेलला बहुतेक मांडण्यांत तीनहून अधिक गुण बसू लागले. 5 ची मर्यादा ठेवणाऱ्यांचे पुष्कळ मेल तरीही सुटले, 3 वाल्यांचा सगळाच मेल अडकला. दुरुस्ती ‘सा-अपडेट’मधून मिळाली. तो आदेश दररोज चालतो आहे ना, एवढे बघा. नवे नियम मिळाले तर तो 0 हा संकेत देऊन संपतो, नवे काही नसेल तर 1. म्हणजे 1 आला की बिघाड झाला असे समजायचे कारण नाही.

शिकवण्याचा परिणाम न होण्याची दोन कारणे नेहमी सापडतात. एक, बेज पद्धत किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकल्याशिवाय गुण देतच नाही. लोक स्पॅम भरपूर शिकवतात, चांगले मेल शिकवायचे राहून जातात. दुसरे, ‘सा-लर्न’ रूट (सर्व्हरचा मुख्य वापरकर्ता) म्हणून चालवले तर ज्ञान रूटच्या फोल्डरमध्ये साठते, आणि अमाविस किंवा स्पॅमडी दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्याने त्याला त्याची गंधवार्ताही नसते. अमाविस असेल तर ‘सुडो’ने ‘अमाविस’ वापरकर्ता होऊन शिकवा. मग ‘सा-लर्न’ला ‘डंप मॅजिक’ सांगा : ‘एनस्पॅम’ आणि ‘एनहॅम’ हे दोन आकडे 200 च्या वर हवेत. चांगले मेल निवडताना रोमनमधली मराठी, दरपत्रके, बाजार समितीच्या पावत्या, लॉरीचे तपशील असे रोजचे सगळे प्रकार घ्या. ‘दोंडाईचा माल नीट पोहोचला का’ असे रोमन अक्षरांतले वेगवेगळे मेल चांगले म्हणून शिकवले की फिल्टर त्या भाषेला बुजत नाही.

भाषा ओळखणारे ‘टेक्स्टकॅट’ प्लगइन चालू करण्याचा मोह होईल. त्यात मराठीसाठी ‘एमआर’ संकेत आहे. पण दोन-तीन ओळींच्या किंवा रोमन मराठीच्या मेलवर ते सहज चुकते आणि नको ती भाषा म्हणून गुण वाढवते. तुमच्यासाठी ते बंदच बरे.

नेहमीच्या व्यापाऱ्यांचे पत्ते ‘व्हाइटलिस्ट_फ्रॉम’मध्ये घालू नका. तो फक्त मेलवर लिहिलेला पत्ता बघतो, आणि तो कुणीही लिहू शकतो. उणे 100 गुण मिळाले की बँक खाते बदलल्याची बनावट सूचनाही थेट इनबॉक्समध्ये येते. त्याऐवजी ‘व्हाइटलिस्ट_ऑथ’ वापरा. एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळले तरच तो सूट देतो. डिसेंबर 2022 मधल्या 4.0 आवृत्तीपासून याचे नाव ‘वेलकमलिस्ट_ऑथ’ झाले आहे.

प्रश्न : अमाविस काढून आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर बसवला. गुण बरोबर दिसतात, पण मेल ‘जंक’मध्ये जात नाहीत. ‘ॲक्शन्स.कॉन्फ’मधले आमचे आकडेही लागू होत नाहीत.
(सिस्टीम ॲडमिन, भुसावळ)

उत्तर : तुमचा सीव्ह नियम अजून ‘एक्स-स्पॅम-फ्लॅग’ शोधत असणार. आरस्पॅमडी स्पॅमवर ‘एक्स-स्पॅम: येस’ लावतो. नियमात तो हेडर लिहून फाइल पुन्हा संकलित करा.

आकड्यांचे बघू. मुळात 4 वर ग्रेलिस्ट (मेल तात्पुरता थांबवणे), 6 वर हेडर आणि 15 वर नकार असे असते. तुमची फाइल ‘लोकल.डी’ फोल्डरमध्ये असेल तर तिच्यात ‘ॲक्शन्स’ नावाचा कंस पुन्हा लिहायचा नाही, थेट ‘ॲड_हेडर = 6;’ अशा ओळी लिहायच्या. बाहेरचा कंस तिथे आधीच गृहीत असतो. तुम्ही पुन्हा लिहिलात तर कंसात कंस होतो आणि आतले आकडे कुणी वाचत नाही. आणखी एक फरक असा की एका मेलवर एकच क्रिया लागू होते, गुणांना बसणारी सर्वांत कडक. ‘रीराइट_सब्जेक्ट’ आणि ‘ॲड_हेडर’ दोन्ही एकाच मेलवर होतील असे धरू नका. तुमच्याकडे सीव्ह आहे, तर विषय बदलण्याचा आकडा ठेवूच नका.

हेडरमध्ये नियमांची यादी हवी असेल तर ‘मिल्टर_हेडर्स.कॉन्फ’मध्ये ‘एक्स्टेंडेड_स्पॅम_हेडर्स’ची किंमत ‘ट्रू’ करा. ती ऑफिसातून लॉगिन करून पाठवलेल्या मेलवर दिसणार नाही, तो बिघाड नव्हे. शेवटी ‘आरस्पॅमॲडम कॉन्फिगटेस्ट’ चालवा, सेवा रीलोड करा, आणि साठवलेला एखादा स्पॅम मेल ‘आरस्पॅमसी’ला देऊन क्रियेच्या ओळीत ‘ॲड हेडर’ येते का ते बघा. तिथे येत असेल आणि पेटीत तरीही फरक नसेल, तर शोध पोस्टफिक्सच्या ‘एसएमटीपीडी_मिल्टर्स’ या ओळीपासून सुरू करा. तिथे 11332 हा पोर्ट हवा. 11333 आणि 11334 हे दुसऱ्या कामांचे पोर्ट आहेत.